घर आलं की सांगा

मी त्यांना बसलेलं कधी पाहिलंच नाही. चहा उभ्यानं प्यायचे, पेपर उभ्यानं वाचायचे. बोलताना पाय जरा फाकवून, डावा हात वर दाराच्या चौकटीला लावून असे उभे राहायचे, की त्यांच्या पायाखालची फरशी हलते आहे असं समोरच्याला वाटावं. तीसेक वर्षं त्यांनी हैदराबादच्या सिटी बसमध्ये कंडक्टरकी केली होती. निवृत्त होऊनही दहा-बारा वर्षं उलटली होती, पण अंगातली गाडी थांबली नव्हती. आम्ही सगळे त्यांना कंडक्टरसाहेब म्हणायचो. त्यांची बायकोही त्यांना कंडक्टरच म्हणायची, पण तिचं कारण वेगळं होतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उतरणाऱ्याला आधी उतरू द्या." ते कुठंही चालायचं. कुणी अडखळत बोलत असेल आणि दुसरा मध्ये तोंड घालत असेल, तर हेच. कुणाला रडू फुटलं आणि बाकीचे घाईघाईनं समजूत काढायला लागले, तरी हेच. एकदा तर एका म्हाताऱ्या बाईंच्या मुलानं, आईला अजून किती दिवस असं ओढायचं, असं त्यांना विचारलं, तेव्हाही त्यांनी तेवढंच म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

माझी त्यांची गाठ पडली ती बाबांमुळे. बाबा वकील, मूळचे मराठवाड्यातले. सिटी कोर्टात उभी हयात गेली. उर्दूतून शिकलेले, घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू, आणि रागावले की इंग्रजी. आधी ते तारखा विसरायला लागले. मग एकदा बरकतपुऱ्याहून नल्लकुंट्याचा घरचा रस्ता विसरले. मग आई गेली हे विसरले. रोज सकाळी विचारायचे, "तुझी आई कुठं आहे?" पहिले काही दिवस मी खरं सांगत होते आणि रोज सकाळी त्यांना ते नव्यानं समजत होतं. मग मी सांगायचं सोडलं. "देवळात गेलीय," मी म्हणायचे. मी सचिवालयात नोकरीला, नवऱ्याची फिरती, घरात तिसरं माणूस नाही.

आमच्या घराजवळ एक जुनं मराठी वाचनालय होतं. वाचणारे कमी झाले होते, त्यामुळे मागची मोठी खोली रिकामीच असायची. तिथं दर रविवारी दुपारी चार वाजता एक बाई अशा विसरणाऱ्या माणसांना एकत्र बसवायच्या. चाळिशीच्या होत्या, रीतसर शिकलेल्या. गाणी म्हणून घ्यायच्या, वास ओळखायला द्यायच्या, चित्रं दाखवायच्या. आठ-दहा जण यायचे, निम्मे मराठी, निम्मे तेलुगू, एक-दोन उर्दूवाले. खोलीच्या खिडक्यांना निळ्या काचा होत्या. चार वाजता त्यातून ऊन आत आलं की सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसायची, आणि पंख्याच्या आवाजात निम्मी माणसं पेंगायची.

पहिल्याच रविवारी बाईंनी बाबांपुढं केळ्याचं चित्र धरलं. "काका, हे काय आहे?"

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "बाई, हे केळं आहे हे शाबीत करायला मला इथं हजर केलंय का?"

मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. कारण बाबांच्या आवाजात राग नव्हता, अपमान होता. शेजारची तेलुगू मास्तरीणही मान खाली घालून बसली होती. आयुष्यभर जिनं मुलांना चित्रं दाखवली, तिच्यापुढं आता कुणी चित्र धरत होतं.

तेव्हा मागं भिंतीशी उभा असलेला एक उंच, काळासावळा गृहस्थ पुढं आला. हेच कंडक्टरसाहेब, बायकोला घेऊन आले होते. "बाई, जरा खुर्च्या हलवू का?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी खुर्च्या दोन-दोन करून एकामागं एक लावल्या, मध्ये वाट ठेवली. बायकांना पुढं बसवलं, आपल्याकडच्या बसमध्ये बसतात तसं. पूजेची एक घंटा खिडकीच्या गजाला टांगली, तिला सुतळी बांधून ती मागपर्यंत ताणली. घंटा आणि सुतळी ते खिशात घेऊनच आले होते. मग एकदम त्यांचा आवाज बदलला.

"गौलीगुडा, कोठी, बडी चावडी, काचीगुडा, बरकतपुरा, नल्लकुंटा! जरगंडी, जरगंडी! सरका हो, आत जागा आहे!"

पेंगणारी माणसं जागी झाली. एकानं खरोखर सरकून शेजाऱ्याला जागा दिली.

त्यांच्या गाडीचा नियम साधा होता. स्टॉप आला की प्रत्येकानं खिडकीतून काय दिसतं ते सांगायचं. कुणी मागचं पुढचं केलं तरी चालायचं. कोठी आली तेव्हा बाबा म्हणाले, "जुनी पुस्तकं. फुटपाथवर. एकानं मला कायद्याचं पुस्तक विकलं, मधली पानं गायब." मास्तरीण म्हणाली, "गाजुलु," म्हणजे बांगड्या, आणि स्वतःच्या मनगटाकडं बघत राहिली. कुणाला दूध उतू गेल्याचा वास आला, कुणाला बापाच्या सायकलची घंटी ऐकू आली. काचीगुड्याला वळण आलं तेव्हा कंडक्टरसाहेब डावीकडं झुकले, आणि काय सांगू, सगळी खोली डावीकडं झुकली. मीसुद्धा.

त्या बाईंचं मला कौतुक वाटतं. दुसरी कुणी असती तर नाक मुरडलं असतं. त्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि वही काढून लिहायला लागल्या. नंतर मला म्हणाल्या, "मला हेच करायचं होतं, पण माझ्याकडं गाडी नव्हती. एकाचा शब्द दुसऱ्याचा शब्द उठवतो. एकट्याला विचारलं की परीक्षा होते, सगळ्यांत मिळून विचारलं की गप्पा होतात. फक्त कुणालाही चूक म्हणायचं नाही." पुढं मग त्या दोघांनी मिळूनच ते चालवलं. आठवड्याची तयारी बाईंची, गाडी साहेबांची. एखाद्या रविवारी बाई मेथीची जुडी, सुतळीचा गुंडा, शाईची दौत असं काहीबाही आणायच्या आणि ते सामान कुठल्यातरी स्टॉपवर गाडीत चढायचं. ते हातोहात फिरायचं आणि प्रत्येक हातात वेगळी गोष्ट व्हायचं.

पहिल्या खुर्चीवर साहेबांची बायको बसायची. बारीक चणीची, पांढरं नेसलेली, केस घट्ट विंचरलेले. ती काही सांगायची नाही. पूर्ण फेरीत एकदाच बोलायची. "कंडक्टर, घर आलं की सांगा."

"सांगतो बाई."

तो आपला नवरा आहे हे ती विसरली होती. घरी पूर्वी रोज दुपारी पिशवी भरून दाराशी उभी राहायची, मला घरी सोडा म्हणून रडायची. हेच घर आहे म्हटलं की जास्त घाबरायची, त्यांना ओरबाडायची. मग एक दिवस त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी उभे राहिले आणि स्टॉपांची नावं पुकारायला लागले. ती शांत झाली. "नवरा म्हणून तिला माझा भरवसा राहिला नाही ताई," ते मला म्हणाले, "कंडक्टर म्हणून आहे. चलता है. कुणाचा का असेना, भरवसा आहे ना." तेव्हापासून ते तिला अहोजाहो करत होते.

ते दिवस राज्य फुटायचे होते. फुटणार, नाही फुटणार, यातच वर्षं गेली. कधी बंद, कधी मोर्चे, कधी आठवडेच्या आठवडे बस रस्त्यावर नसायच्या. आमच्या ऑफिसात फायली दोन ढिगांत लावायला सुरुवात झाली होती आणि माणसंही दोन ढिगांत लावणार अशी कुजबुज होती. मी कुठल्या ढिगात पडणार, मला इथून जावं लागलं तर बाबांना कुठं नेणार, या विचारात मी दिवसभर चुकीच्या फायली उघडायचे. बसच्या संपात एकदा मी बाबांना चालवत वाचनालयात नेलं. रस्ता इतका मोकळा की कुत्री मधोमध झोपलेली. आत कंडक्टरसाहेब घंटा बांधत होते. म्हणाले, "सगळ्या शहरात आज एकच गाडी चालू आहे. हौ, आणि फुल आहे."

बाईंना अधूनमधून प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारून नोंद करावी लागे. आज वार कुठला, महिना कुठला, आपण कुठल्या राज्यात राहतो. बाबांना विचारलं तेव्हा ते तडफेनं म्हणाले, "हैदराबाद स्टेट." बाईंचं पेन थांबलं.

"लिहू नका बाई," कंडक्टरसाहेब म्हणाले. "ह्या प्रश्नाला यंदा शहाण्यांकडंही उत्तर नाही. मी दहा-बारा वर्षांचा असताना एकदा असंच झालं होतं. आमचं गाव उठून दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही हितंच राहिलो. त्याच वर्षी आमच्या घरानं धर्मही बदलला. एका वर्षात राज्य नवं, धर्म नवा. माझा बाप म्हणायचा, आता फक्त अंगरखा जुना राहिलाय." ते हसले. मराठवाड्यातलं बौद्ध कुटुंब त्यांचं. वडील गिरणीत कामाला म्हणून शहरात आले, मुलगा कंडक्टर झाला, नातू बँकेत आहे. हे सगळं त्यांनी सहज सांगितलं आणि मी सहज ऐकलं. बाबांनी ऐकलं की नाही ते मला कळलं नाही.

तो रविवार उन्हाळ्यातला. खोलीच्या कोपऱ्यात माठ होता. गाडी बरकतपुऱ्याला आली होती, आणि साहेबांची बायको खुर्चीवरून उठली. आपणहून उठणं तिनं केव्हाच सोडलं होतं. कंडक्टरसाहेब पुकारता पुकारता थांबले. ती माठाकडं गेली, झाकण काढलं, डावानं पेला भरला, न सांडता. सगळे बघत होतो. बाईंनी माझा हात घट्ट धरला. ती वळली आणि सरळ बाबांपुढं येऊन उभी राहिली. उकाड्यानं त्यांचा चेहरा लाल झाला होता, तो तिला दिसला असणार. तिनं पेला पुढं केला.

"उन्हातून आलात," ती म्हणाली. "पाणी घ्या."

बाबांनी तिच्याकडं वर बघितलं. "कुणाच्या तुम्ही?"

ती गोंधळली. मग तिनं बापाचं नाव सांगितलं. नवऱ्याचं विसरली होती, ते आठवत होतं. सोबत आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि गावातल्या आपल्या वस्तीचं नावही सांगितलं.

बाबांनी हाताच्या मागच्या बाजूनं पेला सारला. "नको. आमच्याकडं चालत नाही."

पेला खाली पडला. स्टीलचा होता, बराच वेळ फिरत राहिला. तिचा हात तसाच पुढं होता, पेला धरल्यासारखा. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. कंडक्टरसाहेबांनी घंटा सोडली, सुतळी गुंडाळली, बायकोच्या खांद्यावरून हात टाकला आणि माझ्याकडं एकदाही न बघता निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. बाईंनी खुर्च्या लावून बघितल्या, स्टॉप पुकारून बघितले. मास्तरीण दाराकडं बघत बसायची. मी घरी बाबांना म्हटलं, तुम्ही त्यांची माफी मागायला हवी. "कुणाची?" बाबांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते घाबरले. "मी? असं? मी असं कधी करेन का?" आणि त्यांचे डोळे भरून आले. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, आई कुठं आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी गौलीगुड्याला गेले. जुन्या बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दार उघडंच होतं. समोर कपाटात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढं मोगऱ्याची चार फुलं. आतल्या अंगणात एकच खुर्ची, तिच्यावर ती, आणि शेजारी ते उभे. "काचीगुडा," हळू आवाजात पुकारत होते. मला बघून त्यांनी मान हलवली, पण काचीगुड्याहून नल्लकुंट्यापर्यंतचे स्टॉप पुरे केले, मगच माझ्याकडं आले.

मी म्हटलं, "बाबा असे नव्हते. त्यांनी तरुणपणी यासाठी स्वतःच्या आईशी भांडण केलं होतं. घर सोडून दोन वर्षं वेगळे राहिले होते. तुम्ही कुणालाही विचारा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "माणूस तसा नाही हे कळतं. पण ताई, ते काय काय विसरले ते बघा. बायको गेलेली विसरले. कोर्ट विसरले. घराचा रस्ता विसरले. आईशी भांडले ते विसरले. आणि नेमकं हेच नाही विसरले. मला राग त्याचा आला. शिकलेलं सगळं गळालं आणि लहानपणी घोटून घेतलेलं राहिलं." मग बायकोकडं बघून म्हणाले, "आणि ती दीड वर्षानं आपणहून उठली होती."

मी वाकले, त्यांच्या बायकोच्या पायांना हात लावला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला कुठं उतरायचंय?"

तेवढ्यावर मी रडले. त्यांनी रडू दिलं.

ते परत आले, पण त्यांच्या अटीवर. म्हणाले, "माफ केलं असं समजू नका. आठ-दहा माणसं गाडीची वाट बघतात म्हणून येतो." आले तेव्हा त्यांनी माठ उचलून बाबांच्या खुर्चीजवळ ठेवला. "वकीलसाब, पाण्याचं काम आजपासून तुमचं. प्रत्येक स्टॉपला कुणाला तहान लागली ते तुम्ही बघायचं."

बाबांना जबाबदारी आवडायची. ते बाह्या वर करून उठले. पहिल्या फेरीत त्यांनी सगळ्यांना दिलं आणि पहिल्या खुर्चीपाशी जाऊन थबकले. त्यांनी तिला पेला दिला, ती प्यायली, पेला परत दिला. बाबांनी तोच पेला माठात बुडवला आणि स्वतः प्यायले. त्यांच्या मनात काय होतं, काही होतं की नाही, मला सांगता येणार नाही. कंडक्टरसाहेबांनी ते पाहिलं. पुढच्या स्टॉपचं नाव पुकारायला त्यांना जरा उशीर झाला, एवढंच.

जूनमध्ये राज्य फुटलं. माझं नाव इथल्याच ढिगात आलं, मी सुटले. बाईंनी परत तोच प्रश्न विचारला तेव्हा बाबा म्हणाले, "कुठलंही असो, चालू तर आहे ना?" बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.

थंडीत त्यांची बायको गेली. झोपेतच गेली. मी बाबांना घरी एकटं ठेवू शकत नव्हते म्हणून त्यांना घेऊनच गौलीगुड्याला गेले. घरात पाहुणे होते. सूनबाईंनी ट्रेमध्ये पाणी आणलं. बाबांनी एक पेला उचलला आणि प्यायले. मग त्यांनी सगळीकडं बघितलं, भिंतीशी उभ्या असलेल्या कंडक्टरसाहेबांना बघितलं, ट्रेमधला दुसरा पेला घेतला आणि गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले.

"घ्या," म्हणाले. "सकाळपासून तुम्ही काही घेतलं नसेल."

ते त्यांचं रविवारचं काम होतं की आणखी काही, मी आजही ठरवू शकत नाही. कंडक्टरसाहेब पाणी प्यायले, सगळं. निघताना दारात मला म्हणाले, "वकीलसाब हे उद्यापर्यंत विसरतील. ते पहिलंही विसरले. तुम्ही विसरू नका ताई. दोन्ही."

परतताना ऑटो बडी चावडीच्या गर्दीत अडकला. बाबा बाहेर बघत होते.

"ते उंच गृहस्थ कोण गं?"

"कंडक्टर होते, बाबा. आज त्यांची बायको गेली."

"अरेरे." त्यांनी चष्मा पुसला. "आडनाव काय त्यांचं?"

मी सांगितलं.

"कुठले?"

"नांदेडच्या पलीकडचे."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत राहिले. समोर बांगड्यांची हातगाडी अडवून उभी होती, ड्रायव्हर तिच्यावर तेलुगूत ओरडत होता.

"म्हणजे आपल्याकडचेच की," बाबा म्हणाले, आणि परत बाहेर बघायला लागले.